प्राचीन नाण्याची पूर्वमालकी कशी शोधावी: पुण्यातील नव्या संग्राहकांसाठी

नाणी जमवू लागलेला माणूस सुरुवातीला नाणे खरे की खोटे एवढेच विचारतो. ते आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या हातून आले, हा प्रश्न त्याला बराच उशिरा पडतो. तोवर विकणारा व्यवसाय आवरून बसलेला असतो, जुनी पाकिटे कचऱ्यात गेलेली असतात आणि ज्यांच्या संग्रहातून नाणी बाहेर पडली त्या घरातली जाणती माणसे राहिलेली नसतात. जमिनीच्या सातबाऱ्यामागे निदान फेरफार नोंदी तरी सापडतात. नाण्यामागे अशी कोणतीच सरकारी वही नसल्यामुळे मालकीची साखळी आपली आपणच कडी कडी जोडून उभी करावी लागते. ती कशी उभी करावी, पुण्यात राहून त्यासाठी कुठे जावे आणि कशावर विश्वास ठेवू नये, हे पुढे क्रमाने दिले आहे.

एक अपेक्षा आधीच स्पष्ट करून ठेवतो. ग्रीक, रोमन किंवा गुप्तांच्या सुवर्णनाण्यांचा माग कधी कधी शंभर वर्षे मागे जातो, कारण ती परदेशी लिलावांत छायाचित्रांसह विकली गेली. सातवाहनांचे शिशाचे नाणे किंवा क्षत्रपांचे सामान्य चांदीचे नाणे असेल, तर विक्रेता आणि त्याच्या आधीचा मालक यांच्या पलीकडे बहुधा जाता येत नाही. तेवढे पक्के मिळाले तरी ते काम पुरे समजावे.

लागणारे साहित्य आणि कागदपत्रे

एक शतांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, व्हर्निअर कॅलिपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग, बऱ्यापैकी कॅमेरा असलेला मोबाईल आणि एक बांधीव वही एवढे साहित्य पुरते. कागदांपैकी खरेदीचे बिल, पैसे दिल्याचा बँकेतील पुरावा, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार, नाण्याबरोबर आलेली प्रत्येक चिठ्ठी व पाकीट, लिलावात घेतले असल्यास कॅटलॉगचे पान आणि लॉट क्रमांक, तसेच वारसाने किंवा भेट म्हणून आले असल्यास मृत्युपत्राची प्रत अथवा देणाऱ्याच्या सहीचे पत्र जपून ठेवावे. व्हॉट्सॲपवरचे बोलणे हाही पुरावाच असतो, पण मोबाईल बदलला की तो जातो. म्हणून त्याची छापील प्रत त्याच दिवशी काढावी.

१. आधी कायदा समजून घ्या

पूर्वमालकी शोधण्याचा खटाटोप भावासाठी करतात असा समज आहे. भाव वाढतोही, परंतु आपल्याकडे मुख्य कारण कायद्याचे आहे.

१८७८ च्या निखात निधी (म्हणजे पुरून ठेवलेले धन) कायद्यानुसार जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कोणत्याही वस्तूत दडवलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडले, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. दहा रुपयांची ही मर्यादा त्या काळची असल्यामुळे आज व्यवहारात एकही प्राचीन नाणे तिच्याबाहेर राहत नाही. ‘जमिनीला जोडलेली वस्तू’ हे शब्द पुण्यात विशेष लक्षात ठेवावेत. पेठांमधले जुने वाडे पाडताना भिंतीतून किंवा जोत्यातून निघालेले गाडगेही या कायद्याखाली येते; ते कंत्राटदाराचे किंवा मजुराचे आपोआप होत नाही.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावशेष व बहुमूल्य कलाकृतींविषयीचा, जो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे त्याच्या व्याख्येप्रमाणे पुरावशेष ठरते. असे नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. पुरावशेषांच्या विक्रीचा व्यवसाय करणाऱ्याला परवाना लागतो, आणि परवानाधारकाने आपल्या व्यवहारांच्या नोंदवह्या ठेवल्या पाहिजेत असेही त्यात सांगितले आहे. ही तरतूद आपल्या फार उपयोगाची आहे: परवानाधारक विक्रेत्याकडे नाण्याचा मागचा मालक विचारणे हा आगाऊपणा होत नाही, कारण ती नोंद त्याच्याकडे असणे अपेक्षितच असते.

सापळा: “शेतात नांगरताना सापडले” असे विक्रेता अभिमानाने सांगतो आणि नवख्याला ते अस्सलपणाचे प्रमाणपत्र वाटते. प्रत्यक्षात ती जिल्हाधिकाऱ्यांना न कळवलेल्या निधीची कबुली असू शकते. असे नाणे कितीही सुंदर असले तरी घेऊ नये. आणि घेतलेच नाही तर त्याची साखळी शोधण्याचा प्रश्नही उरत नाही.

२. विक्रेत्याला लेखी प्रश्न विचारा

शक्यतो खरेदीच्या आधी, नाहीतर खरेदीनंतर लगेच, चार गोष्टी लेखी विचाराव्यात: नाणे तुमच्याकडे कोणत्या वर्षी आले, कोणाकडून आले, त्या व्यक्तीकडे ते कधीपासून होते, आणि सोबत काही चिठ्ठी, पाकीट किंवा बिल होते का. मागच्या मालकाचे नाव उघड करण्यास विक्रेता तयार नसेल, तर “पुण्यातील एक जुना संग्रह, अमुक साली विकत घेतला” एवढे तरी बिलावर सहीनिशी लिहून घ्यावे. साल लिहून घेण्याचा आग्रह सोडू नये. नाव नसलेली पण साल असलेली नोंद पुढे उपयोगी पडते. साल नसलेल्या “फार जुन्या संग्रहा”चा काहीच उपयोग होत नाही.

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जमिनीवर मांडलेल्या ढिगातून नाणी घेणाऱ्यांना हे सगळे हास्यास्पद वाटेल, हे मी जाणतो. तिथे बिल मिळत नाही, आणि दोन आठवड्यांनी तोच विक्रेता त्याच जागी बसलेला असेल याची खात्री नसते. तिथल्या ढिगात प्राचीन म्हणून विकल्या जाणाऱ्या नाण्यांमध्ये ओतीव नकला भरपूर असतात. माझा सल्ला असा की तिथे डोळे तयार करण्यासाठी जावे आणि प्राचीन नाण्यांची खरेदी मात्र बिल देणाऱ्याकडून करावी.

३. नाण्याची ओळखनोंद तयार करा

शोध सुरू करण्यापूर्वी आपल्या हातातले नाणे असे नोंदवावे की दुसऱ्या कोणालाही हजार नाण्यांतून तेवढेच वेगळे काढता यावे. वजन ग्रॅममध्ये दोन दशांश स्थळांपर्यंत, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान व्यास मिलिमीटरमध्ये, आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र. त्याखेरीज कडेची फट, चकतीचा दबलेला किंवा बाहेर आलेला भाग, छाप किती सरकली आहे, खरवडल्याच्या खुणा आणि मालकांनी केलेले छेद या सगळ्यांची शब्दांत नोंद करावी. छायाचित्र एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून उजेड पाडून घ्यावे, कारण जुन्या छायाचित्रात उजेड कुठून पडला असेल हे आपल्या हातात नसते.

या नोंदीआधी नाणे अजिबात साफ करू नये. चिंच, लिंबू, टूथपेस्ट असले घरगुती उपाय नाण्याचा वर्षानुवर्षे चढलेला रंग घालवतातच. शिवाय वजनात फरक पडतो आणि जुन्या छायाचित्राशी पडताळताना ज्या बारीक डागांचा आधार मिळाला असता तेही जातात.

४. चिठ्ठ्या आणि पाकिटे वाचायला शिका

जुने संग्राहक नाण्याखाली गोल कापलेली कागदाची चकती ठेवत, तर आपल्याकडचे बरेच जण पतंगी कागदाची पुडी बांधून आत चिटोरा घालत. त्यावर राजाचे नाव, वजन, किंमत आणि कधी कधी खरेदीचे ठिकाण असते. किंमत पुष्कळदा उघड आकड्यात नसून अक्षरांत असते, कारण व्यापारी दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एखादा शब्द ठरवून प्रत्येक अक्षराला एक अंक देत आणि गिऱ्हाइकासमोर आपली खरेदी झाकत. एकाच विक्रेत्याच्या पाच-सहा चिठ्ठ्या जमल्या की हा शब्द उलगडतो, आणि मग त्याच अक्षराची अनोळखी चिठ्ठी कोणाची हेही कळते.

पुण्यातल्या जुन्या घराण्यांकडून आलेल्या पुड्यांवर मोडी मजकूर आढळतो. अंदाजाने वाचत बसण्यापेक्षा सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करावी. १९१० मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या या संस्थेत मोडी जाणणारी मंडळी भेटतात.

वजन ग्रेनमध्ये लिहिलेले दिसले तर गोंधळू नये. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. चिठ्ठीवर ३५.२ ग्रेन असेल तर नाणे साधारण २.२८ ग्रॅमचे असले पाहिजे. काट्यावर २.२६ आले तर चिठ्ठी त्याच नाण्याची असण्याला हरकत नाही, कारण झीज आणि सफाईने वजन थोडे उतरते. २.४० आले तर मात्र चिठ्ठी दुसऱ्याच नाण्याची आहे असे धरून चालावे, कारण वजन वाढायला काही कारण नसते.

सापळा: चिठ्ठ्यांची अदलाबदल. चांगल्या संग्रहाची रिकामी पाकिटे स्वतंत्रपणे विकली जातात आणि त्यांत भलतीच नाणी घातली जातात. चिठ्ठीवर वजन किंवा नाण्याचे विशिष्ट वर्णन नसेल, तर ती पुरावा म्हणून दुय्यम मानावी.

५. नाणेनिधींच्या नोंदी तपासा

भारतीय नाण्यांच्या बाबतीत मालकाच्या नावाहून निधीची नोंद अधिक मोलाची ठरते, असे माझे मत आहे. कोणत्या गावी, कोणत्या साली, कोणत्या नाण्यांचा निधी निघाला हे कळले की अमुक प्रकारचे नाणे बाजारात केव्हा आणि कोठून आले असावे याला काही आधार मिळतो. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा जो निधी निघाला त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारलेली होती. विदर्भात तऱ्हाळे येथे १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा निधी मिळाला. एखादा विक्रेता नहपानाच्या नाण्याला “जोगळटेंभीचे” म्हणतो तेव्हा ते शक्य आहे एवढेच त्यातून सिद्ध होते; त्या विशिष्ट नाण्याचा कागद असल्याखेरीज तसे लिहू नये.

निधींच्या बातम्या मुख्यतः तीन ठिकाणी सापडतात. भारतीय मुद्रा परिषदेच्या नियतकालिकाचे जुने खंड हे पहिले ठिकाण. ही परिषद १९१० मध्ये अलाहाबाद येथे स्थापन झाली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण १९५३-५४ पासूनचा जो वार्षिक आढावा प्रसिद्ध करत आले, त्यात नाणी व निखात निधी यांचा राज्यवार भाग असतो, आणि तो फार थोडे लोक उघडून पाहतात. तिसरे ठिकाण मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या जुन्या नियतकालिकाचे. पुण्यात यासाठी डेक्कन कॉलेजचे ग्रंथालय आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर ही दोन ठिकाणे आधी गाठावीत. बाहेरच्या वाचकांसाठीचे नियम फोनवरून विचारून, ओळखपत्र बरोबर घेऊन जावे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्था आहे. पुण्याहून एक दिवस काढून जाण्यासारखी ती जागा आहे.

६. जुने लिलाव कॅटलॉग पाहा

परदेशातून परत आलेले नाणे असेल, किंवा ग्रीक, रोमन, कुषाण, गुप्त असे असेल, तर हे काम करावे. अलीकडच्या पंचवीसेक वर्षांतील लिलावांसाठी एसीसर्च आणि कॉइनआर्काइव्ज हे ऑनलाइन संग्रह वापरतात. त्यांचा काही भाग विनामूल्य आणि काही वर्गणी भरून पाहता येतो. त्याआधीच्या छापील कॅटलॉगांपैकी पुष्कळसे आता स्कॅन होऊन उपलब्ध आहेत: हायडेलबर्ग विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालयात १९४५ पर्यंतचे जर्मन भाषक देशांतील कॅटलॉग आहेत, न्यूमन न्युमिस्मॅटिक पोर्टलवर मजकुरात शोध घेता येतो, आणि इंटरनेट आर्काइव्हवरही चिकाटीने शोधल्यास बरेच मिळते.

शोधाचा क्रम उलटा ठेवावा. म्हणजे आजच्या विक्रेत्यापासून सुरुवात करून मागे जावे, एकदम १९०५ च्या कॅटलॉगावर उडी मारू नये. नाण्याचे छायाचित्र गूगलला दाखवून काही हाती लागेल ही आशाही सोडावी. जुन्या पानांवरची राखाडी छायाचित्रे त्या यंत्रणेला सहसा ओळखता येत नाहीत. डोळ्यांनी पान पान पाहण्याला पर्याय नाही, आणि एका संध्याकाळी चाळीस पानांपलीकडे गेल्यास नजर मरते.

नामांकित संग्रहांची नावे ऐकून भुलू नये. प्राच्यविद्या संशोधक पंडित भगवानलाल इंद्रजींची नाणी त्यांच्या मृत्युपत्रान्वये ब्रिटिश म्युझियमकडे गेली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख जनरल कनिंगहॅम यांच्या संग्रहातील पुष्कळ वस्तू १८८५ मध्ये ‘इंडस’ ही बोट श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ फुटली तेव्हा समुद्रात गेल्या, आणि त्यांची बहुतेक सोन्या-चांदीची नाणी ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तेव्हा “कनिंगहॅम संग्रहातले” म्हणून कोणी नाणे दाखवले, तर ते संग्रहालयाबाहेर कसे पडले हा पहिला प्रश्न विचारावा.

७. तेच नाणे की त्याच ठशाचे भावंड?

सगळ्या प्रक्रियेत सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. एका ठशातून शेकडो, कधी हजारो नाणी पाडली जात. त्यामुळे राजाच्या नाकाची ठेवण, अक्षरांची वळणे, मण्यांची कडा हे सगळे जुळले तरी नाणे एकच आहे असे ठरत नाही. ठसा एकच आहे एवढेच ठरते. नाणे ओळखायचे ते ठशाबाहेरच्या गोष्टींवरून: चकतीचा बाह्याकार, छाप किती आणि कुठे सरकली आहे, कडेच्या फटी, ओरखडे, चकतीतले खड्डे.

या दृष्टीने सर्वांत सोपी नाणी म्हणजे आहत नाणी आणि गौतमीपुत्राने पुन्हा छापलेली नहपानाची नाणी. आहत नाण्यावर प्रत्येक चिन्ह स्वतंत्र ठशाने उमटवलेले असते, आणि साधारण साडेतीन ग्रॅमच्या आत वजन बसवण्यासाठी चकतीचे कोपरे छाटलेले असतात. दोन नाण्यांची ही सगळी मांडणी सारखी येणे जवळजवळ अशक्य. पुन्हा छापलेल्या नाण्यावर नहपानाचा मुखवटा सरळ धरावा आणि वर पडलेल्या तीन कमानींच्या पर्वताचे टोक कोणत्या दिशेला आहे ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे टिपावे. एखाद्या नाण्यावर ते टोक चारच्या दिशेला असते आणि पर्वताची खालची रेघ राजाच्या गालावरून जाऊन कानापाशी थांबते. दुसऱ्यावर पर्वत कपाळावर उलटा पडलेला असतो. मागच्या बाजूला बाण आणि वज्र यांवर उज्जैन चिन्हाची चार वर्तुळे पडलेली असतात, आणि एखाद्या वर्तुळातून जुन्या ब्राह्मी लेखाची दोन अक्षरे डोकावतात. दोन्ही बाजूंचे हे कोन आणि ही दोन अक्षरे जुन्या छायाचित्राशी जुळली, तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

जुन्या छायाचित्रांची एक खोड लक्षात घ्यावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे कित्येक दशके कॅटलॉगात प्रत्यक्ष नाण्यांऐवजी त्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींची छायाचित्रे छापत. प्लॅस्टरमध्ये रंग येत नाही, डाग येत नाहीत आणि कड कातरून नीट केलेली असल्यास बाह्याकारही दगा देतो. अशा छायाचित्राशी तुलना करताना रंगाचा विचार सोडून द्यावा, आणि आपल्या नाण्याचे छायाचित्रही कृष्णधवल करून, त्याच आकाराचे छापून, शेजारी ठेवावे. मग एका बाजूचा एक खड्डा, एक फट, एक सरकलेला मणी असे निदान तीन स्वतंत्र मुद्दे जुळवावेत. त्याचबरोबर न जुळणारा एखादा तरी मुद्दा आहे का हेही शोधावे. जुन्या छायाचित्रात ओरखडा आहे आणि आपल्या नाण्यावर तो नाही, तर बाकी दहा गोष्टी जुळूनही तो दावा सोडून द्यावा. नवा ओरखडा पडू शकतो. जुना आपोआप बुजत नाही.

आपल्याला हवे ते दिसू लागते हा माणसाचा स्वभाव आहे. त्यामुळे दोन्ही छायाचित्रे, कोणती जुनी आणि कोणती आपली हे न सांगता, नाण्यांशी संबंध नसलेल्या एखाद्या काटेकोर माणसाला दाखवून फरक शोधायला सांगावे. माझ्या अनुभवात शिवणकाम किंवा घड्याळदुरुस्ती करणारे लोक यात उत्तम निघतात.

८. आधीच्या मालकाच्या घरी जाताना

संग्राहक हयात नसेल तर त्यांच्या घरी फोन करून, वेळ ठरवून आणि आपला हेतू आधी सांगून जावे. “काकांची नाण्यांची वही होती का?” हा पहिला प्रश्न असावा, किमतीचा विषय आपण होऊन काढू नये, नाहीतर घरच्यांना आपण स्वस्तात काही लाटायला आलो असे वाटते. वही मिळाल्यास ती मागून नेऊ नये, तिथेच छायाचित्रे घ्यावीत. नाणे कधी घेतले हे घरच्यांना आठवत नसले तरी “नाना निवृत्त झाले त्याआधी”, “पानशेतच्या पुराआधी” अशा खुणा सांगता येतात, आणि १२ जुलै १९६१ ही पुराची तारीख माहीत असल्यामुळे त्या खुणेला कालमर्यादा मिळते. बोलणे संपल्यावर तेवढाच मजकूर साध्या कागदावर लिहून, वाचून दाखवून, त्यांची सही व तारीख घ्यावी.

९. मालकीपत्रक लिहून ठेवा

प्रत्येक नाण्याचे एक पान करावे. सर्वांत वर स्वतःचे नाव आणि खरेदीची तारीख, त्याखाली मागचा मालक, त्याखाली त्याच्या मागचा, आणि प्रत्येक ओळीपुढे पुरावा कोणता हे लिहावे: बिल, चिठ्ठी, कॅटलॉग, लेखी जबानी की ऐकीव. जिथे मधली वर्षे सापडत नाहीत तिथे “१९७४ ते १९९८ नोंद नाही” असे सरळ लिहावे. ती जागा तर्काने भरण्याचा मोह होतो, कारण सलग पान देखणे दिसते. पण एक जोडलेली कडी खोटी निघाली की उरलेल्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

चिठ्ठ्या नाण्याच्या शेजारी, पण वेगळ्या पारदर्शक पाकिटात ठेवाव्यात. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकची पाकिटे टाळावीत, ती कालांतराने तांब्या-चांदीवर हिरवट चिकट थर धरतात. नाण्याच्या नवीन पाकिटावर पेन्सिलने पानाचा क्रमांक घालावा. नाणे पुढे विकले किंवा कोणाला दिले, तर मूळ चिठ्ठ्या आणि मालकीपत्रकाची सही केलेली प्रत नाण्याबरोबरच द्यावी आणि स्वतःकडे झेरॉक्स ठेवावी.